दत्तकाची संस्था गावाकडे शोधू नका, राहत्या देशात पारखून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी ते संक्रांत या दिवसांत परदेशी राहणारे मुलगा-सून, लेक-जावई विदर्भातल्या आपापल्या गावी येतात. नोव्हेंबर हा दत्तक जागृतीचा महिना म्हणून देशभर पाळला जातो. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्यांना नेमक्या याच दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पोराला अमेरिकेत जाऊन कितीतरी वर्षं झाली, मूलबाळ नाही, इकडचंच एखादं लेकरू दत्तक घ्यावं म्हणतो, भरवशाची एजन्सी सांगा." प्रश्न मनापासूनचा असतो. पण तो विचारेपर्यंत घरच्यांनी बरेचदा शोध सुरू केलेला असतो. तालुक्याच्या दवाखान्यात कुणाला तरी सांगून ठेवलेले असते, नागपूर-अमरावतीच्या एखाद्या 'ट्रस्ट'चा नंबर मिळवलेला असतो, कधी थोडी रक्कमही देऊन झालेली असते. शोधाची सुरुवातच चुकीच्या टोकाने होते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण यातला तपशील अर्धवट कळला की नुकसान लेकराचे होते.

परदेशात राहणाऱ्यांनी दत्तक घ्यायचे, तर संस्था त्यांनी राहत्या देशात निवडायची असते. भारतातली संस्था निवडण्याचा प्रश्नच येत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२ यांनुसार दत्तकाचा सगळा कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', आपल्या 'केअरिंग्ज' या पोर्टलवरून चालवते. लेकरू विशेष दत्तक संस्थेत असते. बाल कल्याण समितीने त्याला 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' ठरवले की त्याची माहिती पोर्टलवर येते आणि नोंदणीच्या ज्येष्ठतेने पालकांना दाखवली जाते. अमुक शहरातल्या संस्थेत जाऊन लेकरू बघायचे आणि पसंत करायचे, ही रीत कायद्यात नाही. म्हणून इथे बसून "परदेशातल्या दत्तकाची कामं आम्ही करून देतो" असे सांगणारा माणूस वकील असो, ट्रस्टी असो की डॉक्टर, त्याच्याकडे देण्यासारखे काही नसते. परदेशातल्या पालकाची होम स्टडी, म्हणजे घर-कुटुंबाची पाहणी व अहवाल, त्याला करता येत नाही आणि पोर्टलवरचा क्रम त्याला हलवता येत नाही.

ही बंधने उगीच आलेली नाहीत. लेकरे बाहेर पाठवण्यातले गैरप्रकार वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. त्या प्रकरणातल्या १९८४ च्या निकालाने आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या, दत्तकाला पहिल्यांदा नीट चौकट दिली. पुढे १९९३ चा हेग करार भारताने स्वीकारला आणि तो आपल्याकडे १ ऑक्टोबर २००३ पासून लागू झाला. दोन्ही देशांची सरकारे एकमेकांना लेखी कळवल्याशिवाय लेकरू सीमा ओलांडणार नाही, हे या कराराचे सार आहे.

पालक भारतीय नागरिक असून परदेशात राहत असतील किंवा त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असेल, तर त्यांना देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरले जाते. इतर परदेशी नागरिकांचा नंबर त्यानंतर लागतो. बरोबरीने धरतात म्हणजे रांगही बरोबरीचीच असते. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ४,५१५ दत्तकविधान झाले, त्यातले ४,१५५ देशातल्या देशात. नोंदणी करून वाट पाहणारे पालक ३० हजारांच्या वर आहेत. लहान, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागते. त्यामुळे "सहा महिन्यांत बाळ" असे कोणतीही संस्था, कोणत्याही देशातली, सांगत असेल तर तिचे नाव तिथेच खोडावे. बाळाचा रंग किंवा अमुकच वय यांची हमी देणाऱ्या संस्थेचेही तेच करावे.

रांग लांब आहे म्हणून एक आडवाट सुचवली जाते आणि ती फार नुकसान करते. मुलगा-सून राहतात टेक्सासमध्ये, पण आधार कार्डावर पत्ता दारव्ह्याचा आहे. मग त्याच पत्त्यावर 'निवासी भारतीय' म्हणून नोंदणी करायची. होम स्टडीला समाजकार्यकर्ती घरी येते तेव्हा घरात फक्त आजी-आजोबा भेटतात आणि फाइल तिथेच अडते. ती कशीबशी पुढे सरकून दत्तक आदेश मिळालाच, तर खरी अडचण तिथून सुरू होते. देशांतर्गत आदेशासोबत काराचे ना हरकत प्रमाणपत्र येत नाही. हेग कराराच्या कलम २३ चे अनुरूपता प्रमाणपत्रही, म्हणजे दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला, येत नाही, आणि त्याशिवाय परदेशी वकिलात लेकराला दत्तक मूल म्हणून व्हिसा देत नाही. अमेरिकेच्या बाबतीत तर पालकांच्या पात्रतेचा आय-८००ए आणि ठरलेल्या लेकराचा आय-८०० हे अर्ज ठरलेल्या क्रमाने मंजूर होण्याआधीच दत्तक पुरे केले, तर पुढची वाट बहुतेक बंद होते. आई-बाप तिकडे, लेकरू आजीजवळ, आणि कायद्याने ते ना इथले ना तिथले, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहू शकते.

दवाखान्यातून परस्पर बाळ घेणे हा तर सरळ गुन्हा आहे. कायद्यातली प्रक्रिया डावलून दत्तक देण्या-घेण्याला कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मुलाची खरेदी-विक्री झाली तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. त्यात रुग्णालयातला किंवा प्रसूतिगृहातला कर्मचारी सामील असेल तर शिक्षा किमान तीन व कमाल सात वर्षे. ज्या आईला बाळ सांभाळणे शक्य नाही तिला ते बाल कल्याण समितीसमोर सोपवता येते. तिचे नाव गुप्त राहते आणि फेरविचारासाठी तिला ६० दिवस मिळतात. दवाखान्यातला दलाल तिच्याकडून हेच ६० दिवस हिरावून घेतो. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी हे गावोगाव सांगावे, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे. अडचणीतल्या लेकरासाठी १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आता परदेशातली संस्था कशी पारखायची ते पाहू.

काराच्या संकेतस्थळावर देशवार मान्यताप्राप्त परदेशी दत्तक संस्थांची यादी असते. त्या यादीत संस्थेचे नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहावे, कारण एकसारख्या नावांच्या संस्था पुष्कळ आहेत. नावासोबत मान्यतेची मुदतही पाहावी. मुदत चार महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केला का, हे लेखी विचारावे. काराची मान्यता हे झाले एक कुलूप; दुसरे कुलूप त्या देशाच्या परवान्याचे. अमेरिकेत परराष्ट्र खात्याच्या दत्तकविषयक संकेतस्थळावर मान्यता असलेल्या संस्थांची यादी मिळते आणि कोणावर कारवाई झाली तेही तिथे कळते. तिथे बरेचदा दोन संस्था लागतात. एक भारताशी व्यवहार करणारी मुख्य संस्था, आणि दुसरी पालकांच्या राज्यात होम स्टडी करणारी. दोघींची फी वेगळी असते. दोघींच्या मधल्या जागेत कागद हरवतात, म्हणून पोर्टलवर कागद चढवण्याची जबाबदारी कोणाची हे करारात लिहून घ्यावे. कॅनडात प्रत्येक प्रांताचा कारभार वेगळा. ओंटारियोचा परवाना असलेली संस्था अल्बर्टातल्या जोडप्याला चालेलच असे नाही. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासन किंवा नोंदणीकृत दत्तक संस्था होम स्टडी करते आणि फाइल सरकारी खात्यातून पुढे जाते. ज्या देशात मान्यताप्राप्त संस्थाही नाही आणि दत्तकाचे केंद्रीय प्राधिकरणही नाही, तिथल्या भारतीयांनी भारतीय दूतावासाकडे जावे. आखातात कामाला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

यानंतर संस्थेला आकडे विचारावेत. गेल्या तीन वर्षांत भारतातून किती लेकरे आणली? त्यांची वये काय होती? किती भावंडे एकत्र आली? कागद पोर्टलवर चढल्यापासून लेकरू घरी येईपर्यंत प्रत्यक्ष किती महिने लागले? किती दत्तके मोडली आणि तेव्हा संस्थेने काय केले? शेवटचा प्रश्न ऐकून जी संस्था गडबडते किंवा "आमच्याकडे असं कधी होतच नाही" म्हणते, तिच्याबद्दल सावध राहावे. अनेक वर्षे काम केलेल्या संस्थेने अवघड प्रसंग पाहिलेले असतातच. ते तिने कसे हाताळले, यावर तिची खरी लायकी कळते.

पालकांच्या व्हिसाची स्थिती पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावी. अमेरिकेत आय-८०० चा अर्ज अमेरिकन नागरिकालाच करता येतो. पती-पत्नींपैकी एकाकडे तरी नागरिकत्व हवे. दोघेही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतील तर वाट वेगळी आणि अवघड आहे. आपल्यासारख्या स्थितीतल्या किती कुटुंबांचे काम या संस्थेने तडीस नेले, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. अर्धी फी भरून झाल्यावर ही अडचण कळली तर ती रक्कम सहसा परत मिळत नाही.

होम स्टडी किती आठवड्यांत पुरी करणार, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण परदेशातल्या पालकांचा रांगेतला क्रम होम स्टडी आणि कागदपत्रे पोर्टलवर चढल्यापासून धरला जातो. संस्थेने इथे सात-आठ महिने घालवले, तर रांगेतले तेवढे महिने गेले. होम स्टडी तीन वर्षे वैध असते. वाट पाहण्याचा काळही साधारण तेवढाच असल्याने ती मध्येच संपू शकते; नव्याने करण्याचा खर्च कोणाचा हे आधीच ठरवावे. वयाचेही गणित आहे. दोन वर्षांखालच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चार वर्षांच्या लेकरासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आणि त्यापुढे ११०. एकट्या पालकाला हीच मर्यादा अनुक्रमे ४०, ४५, ५० आणि ५५ अशी आहे. चाळिशीतल्या जोडप्याने तान्ह्या बाळाचीच आशा धरली, तर वाट पाहता पाहता ते त्या गटातून बाहेर पडू शकते. हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगणारी संस्था चांगली.

पैशांचे चोख असावे. परदेशातल्या पालकांनी भारतातल्या संस्थेला द्यायची बालसंगोपन निधीची रक्कम नियमावलीने ५,००० डॉलर ठरवली आहे. देशातल्या पालकांना हीच रक्कम ५०,००० रुपये आणि होम स्टडीचे ६,००० रुपये आहेत. याव्यतिरिक्त देणगी म्हणून रोख, वस्तू, इमारतीला पंखे, काहीही दत्तकाच्या बदल्यात घेण्यास भारतातल्या संस्थेला मनाई आहे. परदेशी संस्थेची स्वतःची फी मात्र हजारो डॉलरमध्ये असते. ती टप्प्याटप्प्याने घेणारी, प्रत्येक टप्प्याला कोणते काम होणार हे लिहून देणारी आणि अर्ध्यावर थांबल्यास किती परत मिळेल हे सांगणारी संस्था निवडावी. सगळी रक्कम सुरुवातीलाच मागणारी, किंवा "भारतातल्या प्रतिनिधीला" वेगळे पैसे द्या म्हणणारी संस्था टाळावी.

संस्था मध्येच बंद पडली तर काय, हाही प्रश्न आता विचारावाच लागतो. डेन्मार्कमध्ये आंतरदेशीय दत्तकाचे काम करणाऱ्या एकमेव संस्थेने २०२४ मध्ये ते थांबवले. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या दत्तकांतले गैरप्रकार उघड झाल्यामुळे युरोपात हे होत आहे आणि त्यामागची काळजी रास्त आहे. पण वाट पाहणाऱ्या जोडप्याने करार करतानाच लिहून घ्यावे : मान्यता गेली तर आमची फाइल कोणाकडे जाईल आणि लेकराच्या नोंदी कोण जपेल? नोंदींचा मुद्दा दूरचा वाटतो, तसा तो नाही. दत्तक गेलेली मुले मोठी झाल्यावर आपले मूळ शोधायला येतात आणि भारतीय नियमांनी त्यांना तो हक्क दिला आहे. फाइलच उरली नाही, तर आपण कुठून आलो हे त्या माणसाला जन्मभर कळणार नाही.

लेकराचा वैद्यकीय अहवाल संस्थेत कोण वाचतो, यावर विदर्भातल्या लेकरांच्या बाबतीत जास्त भर द्यावासा वाटतो. पोर्टलवर लेकराची माहिती आली की त्याला राखून ठेवण्याची मुदत तासांत मोजली जाते. तेवढ्यात डॉक्टरने अहवाल वाचून पालकांना समजावणे हे संस्थेचे काम आहे. आपल्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण बरेच आहे, म्हणून अहवालात त्याची नोंद वारंवार येते आणि बाहेरचे डॉक्टर तिथेच गोंधळतात. प्राथमिक चाचणीत 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' आले एवढ्यावरून लेकरू नुसते वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. वाहक म्हणजे 'एएस' असलेले लेकरू सर्वसाधारण आयुष्य जगते. 'एसएस' असलेल्याला नियमित उपचार लागतात, पण तेही चांगल्या देखरेखीत वाढते. उलट बाजूही आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर कोणत्याच निकालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून चाचणी कोणती, कोणत्या वयात झाली आणि पुन्हा केली का, हे विचारणारा डॉक्टर संस्थेकडे हवा. एचआयव्हीचेही तसेच. दीड वर्षाखालच्या बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडे सापडू शकतात, म्हणून साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी विषाणू थेट शोधणारी पीसीआर तपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

वजनाबद्दलही तेच. मेळघाटातले किंवा गडचिरोलीतले बाळ अडीच किलोंच्या खाली जन्मले, एवढ्यावर घाबरून नकार देणारे पालक असतात. एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. लेकरू इथल्या संस्थेत आल्यापासूनचा वाढीचा तक्ता मागावा. रेघ वर चढत असेल तर लेकरू सावरते आहे. डोक्याचा घेर आणि मान धरणे, बसणे, पालथे पडणे यांच्या तारखाही पाहाव्यात. सापडलेल्या लेकराची जन्मतारीख बहुधा अंदाजाने लावलेली असते. दात आणि हाडांवरून निघणारे वय वर्ष-दीड वर्षाने इकडे-तिकडे होऊ शकते. परदेशात शाळेचा वर्ग वयावर ठरतो, तेव्हा हे पालकांना आधी माहीत असायला हवे.

मोठी मुले आणि भावंडांच्या जोड्या हा या पत्रातला आम्हाला सर्वांत जवळचा भाग. सहा, आठ, दहा वर्षांची मुले, दोन-तीन भावंडे आणि विशेष गरजा असलेली लेकरे यांना देशात पालक मिळणे कठीण जाते, म्हणून त्यांची माहिती परदेशातल्या पालकांकडे लवकर जाते. विदर्भातून गेलेल्या मराठी जोडप्याने या लेकरांचा विचार जरूर करावा. आठ वर्षांची मुलगी विमानातून उतरते तेव्हा तिच्या कानावर पडणारे काहीच ओळखीचे नसते. "भूक लागली का? पोट दुखतं का?" हे मराठीत विचारणारी आई भेटली, तर तिचे पहिले सहा महिने पुष्कळ सोपे जातात. मेळघाटातले लेकरू कोरकू आणि गडचिरोलीतले गोंडी बोलणारे असू शकते, पण संस्थेत राहून बहुतेकांना मराठी येऊ लागलेली असते.

या मुलांच्या बाबतीत पालकांची तयारी करून घेणारी संस्थाच निवडावी. संस्थेत वाढलेले मूल ताटातली पोळी उशाखाली लपवते, रात्री दिवा मालवू देत नाही, पहिले काही दिवस फार शहाण्यासारखे वागते आणि मग अचानक आदळआपट करते. मोठे भावंड धाकट्याला आईच्या हाती देतच नाही, कारण आजवर आईचे काम त्यानेच केलेले असते. यातले काहीही वाईट वळण नव्हे. तुटलेला भरवसा जुळायला वेळ लागतो. संस्था लेकरू येण्याआधी किती तासांचे प्रशिक्षण देते आणि आल्यावर समुपदेशक कोणत्या भाषेत बोलणार, हे विचारावे. दत्तकानंतर दोन वर्षे अहवाल द्यावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. समाजकार्यकर्ती प्रत्यक्ष घरी येऊन लेकराशी एकटीने बोलते की फोनवर चार ओळी लिहून घेते, हे त्या संस्थेकडून मूल घेतलेल्या दोन-तीन कुटुंबांकडूनच कळेल. दत्तक मोडायच्या बेतात आले तर लेकराची तात्पुरती सोय करणे आणि काराला कळवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि तो मजकूर करारात असलाच पाहिजे.

आपल्याकडे याहून जास्त प्रमाणात येणारा प्रकार म्हणजे भावाचे किंवा बहिणीचे लेकरू दत्तक घेणे. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून, गावात पेढे वाटून विषय संपला असे समजतात. या कागदाला परदेशात काहीच किंमत नाही. यासाठी दोन कायदेशीर मार्ग आहेत. पहिला बाल न्याय कायद्याचा. त्यात 'नातेवाईक' म्हणजे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि आजी-आजोबा. चुलतभावाचे मूल त्यात बसत नाही. जन्मदात्यांची संमती लागते आणि पाच वर्षांवरच्या लेकराची स्वतःचीही. लेकराच्या कौटुंबिक परिस्थितीचा अहवाल जिल्हा बाल संरक्षण कक्ष तयार करतो आणि पालकांची होम स्टडी त्यांच्या देशातली संस्था करते. दुसरा मार्ग हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ चा. त्यात लेकराचे वय १५ च्या आत हवे आणि घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. २०२१ पासून या कायद्याखालच्या दत्तकालाही काराचे ना हरकत प्रमाणपत्र मिळू लागले आहे. त्यासाठी नोंदणीकृत दत्तकपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा पडताळणी अहवाल आणि राहत्या देशाची लेखी परवानगी लागते. मार्ग कोणताही असो, आधी त्या देशातल्या संस्थेला विचारावे आणि मगच इथे सही करावी. अमेरिकेच्या नियमात दोन्ही जन्मदाते हयात असतील तर ते लेकराचा नीट सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, हे दाखवावे लागते. "तिकडे शिक्षण चांगलं मिळेल" हे कारण तिथे चालत नाही.

कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर कास्तकाराच्या घरातली लेकरे नातेवाइकांना दत्तक देऊन टाकण्याचा सल्ला दुःखाच्या दिवसांत दिला जातो. तो देऊ नये. आई हयात आहे आणि अडचण पैशांची आहे, तर बाल संगोपन योजनेतून लेकरामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. तो अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा असतो. परदेशातल्या काका-मामांना खरोखर मदत करायची असेल, तर लेकरू आईजवळ ठेवूनही ती करता येते.

गावाकडच्या मंडळींना संस्था शोधता येत नसली, तरी कागदांचे काम पुष्कळ करता येते. लग्नाची नोंदणी झालेली नसते, ती ग्रामपंचायतीतून करून घ्यावी. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांवरची नावे एकसारखी आहेत का हे तपासावे. एका कागदावर वानखडे आणि दुसऱ्यावर वानखेडे एवढ्या फरकानेही फाइल परत येते. दुरुस्तीला काही महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी. परदेशात जाणाऱ्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील मोहर (कागद खरा असल्याची परदेशासाठीची खूण) लागते का, तेही संस्थेला विचारून घ्यावे. एकट्या पालकाने दत्तक घेतले तर, त्याच्या पश्चात लेकराला सांभाळू असे जवळच्या नातेवाइकाचे हमीपत्र लागते. ते देणाऱ्याने पूर्ण समजून द्यावे, कारण ती वेळ आलीच तर लेकरू खरोखर त्याच्या दारात येईल.

दत्तक आदेश देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, त्याचा अंमल १ सप्टेंबर २०२२ पासून आहे, आणि अर्जाचा निकाल दोन महिन्यांत लागावा अशी तरतूद आहे. आदेशानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, अनुरूपता प्रमाणपत्र आणि व्हिसा ही कामे होतात. पालकांनी परतीचे तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढावे.

संपादक महोदय, आपल्याला दोन विनंत्या आहेत. "बाळ दत्तक मिळेल" किंवा "दत्तक देणे आहे" अशी छोटी जाहिरात कोणी घेऊन आले, तर ती न छापता जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावी. आणि परदेशातली मंडळी गावी असतानाच अकराही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांचे पत्ते व कामाच्या वेळा, तसेच काराचा निःशुल्क क्रमांक १८००-११-१३११, एकदा ठळकपणे छापावेत.

आपले,
बालसंरक्षण क्षेत्रातील काही कार्यकर्ते,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ